धाकटा आणि मंडळी

४ मार्च

धाकट्या,

या वेळी 'तू कसा आहेस' असं विचारणार नाही. मागच्या कितीतरी पत्रांत विचारून झालं, उत्तर आलं नाही, तेव्हा तू मजेत आहेस असं धरून चालते. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातल्या माणसाला वेळ कुठला! वेळ मिळेनासा झाला की माणूस मोठा झाला समजावं, असं इस्त्रीकाका म्हणतात. त्यांचा स्वतःचा वेळ जाता जात नाही.

कामाचं लिहिते. पुलापलीकडे नवं सभागृह झालंय. तिथला व्यवस्थापक पडदे धुवायचं ठरवायला आपल्या धुलाईखान्यात आला होता. आपल्या मंडळींची तालीम चालू होती. वाळवणीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला तो राहिलाच, पडद्यांचं बोलायचं विसरला. शेवटी म्हणाला, "आमच्या पहिल्याच आठवड्यात वाजवाल का?" त्याचं वाक्य संपायच्या आत बॉयलर हो म्हणाला. बॉयलर अजून तसाच आहे. खाली भट्टी सांभाळतो, वर ड्रम बडवतो, आणि तापला की दोन्हीकडे सारखाच.

मग व्यवस्थापकानं विचारलं, "नाव काय लिहू?" आणि इथं घोडं अडलं.

मी म्हणाले, "मागच्या फाटकावर पाटी आहे की. धाकटा आणि मंडळी." तर हिशेबनीस बाई बासरी पुसत म्हणाल्या, "ते आता कसं चालेल? लोक येतील आणि विचारतील, धाकटा कुठाय? काय सांगायचं?"

"येईल तो," मी म्हणाले.

"कधी?" काकांनी विचारलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. व्हायोलिनची तार पिळता पिळता सहज विचारलं. मला चादरी मोजायच्या होत्या, म्हणून मी उठून गेले.

महिनाअखेर नाव कळवायचंय. तुला स्पष्ट सांगते, मला ती पाटी हलवायची नाही. ती आहे तोवर इथं तुझी जागा आहे. ती उतरली की 'होता एक धाकटा' एवढंच उरणार, आणि ते मला सोसायचं नाही. तू दोन ओळी पाठव. 'ताई, येतोय' म्हण, नाहीतर 'ताई, नाव राहू दे' म्हण. बाकीच्यांची तोंडं बंद करायला मी समर्थ आहे.

माझी बोटं हल्ली दुखतात, त्यामुळे तालमीला नुसती बसून ऐकते. काळजीचं काही नाही.

तुझी ताई

१३ मार्च

धाकट्या,

नाव ठेवायला बसलो आणि एकमेकांना नावं ठेवून उठलो. तू असतास तर हसून हसून लोळला असतास.

काकांच्या डोक्यातून सगळी नावं 'स्वर'नंच सुरू होतात. बाई म्हणाल्या, "स्वर-अमुक आणि सूर-तमुक इतके झालेत काका, की त्यांचंच एक संमेलन भरेल आणि दारात सगळ्यांच्या चपला बदलतील." काका रुसले. बॉयलर म्हणाला, 'वाफ' ठेवा. एकच शब्द, रुबाबदार. बाई म्हणाल्या, "तोंडाची वाफ दवडू नकोस." मग बाईंनी स्वतःचं काढलं, 'मंद झुळूक'. बॉयलरनं ड्रमवर एक दणका घातला आणि म्हणाला, "झुळूक? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!" शेवटी काका रुसवा सोडून म्हणाले, 'कडक इस्त्री' कसं वाटतं? आम्ही हसलो. ते गंभीर होते. आता ते पुन्हा रुसलेत. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मी काही सुचवत नाही. मला तुझ्या पत्राची वाट बघायचीय.

वाळवणीच्या खोलीत दुपारी कुणी नसतं तेव्हा मी हल्ली थोडा वेळ जाऊन बसते. जमिनीतून गरम हवा येते, चादरी फुगतात आणि बसतात, फुगतात आणि बसतात. खिडक्यांवर वाफ धरलेली असते, त्यामुळे बाहेर गाव आहे की पाणी आहे ते कळत नाही. आपण चौघं-पाचजण तिथं वाजवायचो ते आठवतं का? प्रत्येकजण वेगवेगळ्या दोरीमागे. कुणाला कुणाचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज कापडातून गाळून यायचा. चादरी ओल्या असल्या की सूर जड होऊन खाली बसतो आणि वाळत आल्या की वर चढतो, म्हणून काका त्यांची रडकी गाणी सकाळीच वाजवून घेतात. तुझी क्लॅरिनेट नेहमी डाव्या भिंतीकडून यायची. कधी कधी इतकी हळू, की मला वाटायचं चादरच गुणगुणतेय.

काल तिथं माझा डोळा लागला. स्वप्नात ही सगळी नावं चादरींमधून ओलेत्यानं चालत होती. 'वाफ' होतं, 'झुळूक' होतं, काकांचा 'स्वर' आपला मागून धापा टाकत होता. मी हातात सुई-दोरा घेऊन बसलेली, जशी रोज कपड्यांच्या कोपऱ्यांना खुणा घालते तशी. पण एकालाही कोपरा नव्हता. कुणाची खूण कुठं घालायची आणि कुणाला कुठल्या घरी परत पाठवायचं, काही कळेना. सगळ्यांत शेवटी एकजण आला त्याची चाल तुझ्यासारखी होती. एक खांदा वर. मी सुई खाली ठेवली, तेवढ्यात बॉयलरनं कसलंसं झाकण आपटलं.

जाग आल्यावर बराच वेळ मला कुणाचा राग आला नाही. मग आला. तुझाच. पोस्टात टाकायला काय हात मोडलाय तुझा?

ताई

२२ मार्च

धाकट्या,

जिंकले!

झालं असं, की बॉयलरनं एक युक्ती काढली. म्हणाला, "नाव वाचून कळत नसतं, हाक मारून कळतं." माझ्या खोलीतून मळके कपडे खाली सोडायची ती पत्र्याची घसरण आहे ना, तिच्यात तोंड घालून नाव ओरडायचं. खाली धुणाऱ्या बायकांनी काम थांबवलं तर नाव पास. आता तुला या बायका माहीत आहेत. त्या कशालाही हात थांबवत नाहीत. मागे पत्र्याचं छप्पर कोसळलं तेव्हासुद्धा त्यांनी हातातलं पिळून झाल्यावर वर पाहिलं होतं.

बाई खाली जाऊन उभ्या राहिल्या, बघायला. काकांनी त्यांची दोन-तीन स्वरवाली नावं सोडली. काही नाही. बाईंची 'झुळूक' बॉयलरनं सोडली, ती वाटेतच विरली. 'वाफ' म्हटल्यावर एकीनं भट्टीवरचा वाफेचा काटा पाहिला आणि पुन्हा साबणात हात घातला. ते धरलं नाही.

मग मी. मी जुनंच नाव ओरडणार होते, पूर्ण, पाटीवर आहे तसं. घसरणीच्या तोंडाशी वाकले. आतून तो कोमट साबणाचा वास आला, आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"धाकट्या, जेवायला ये रे!"

रोज दुपारी हाक मारायचे तशी. सवयीनं. मी तर ओठ चावला.

बाई सांगतात, खाली सगळे हात थांबले. मशीनं चालू, पाणी चालू, आणि बायका तशाच उभ्या. मग एक म्हातारी घसरणीतून वर ओरडली, "आला का गं?"

वर कुणी हसलं नाही. बाई जिना चढून आल्या, त्यांचे डोळे लाल होते. वाफेनं होतात तसे. म्हणाल्या, "पास. जुनंच कळवा." मी त्याच दुपारी सभागृहात जाऊन नाव देऊन आले. रंगारी मोठी पाटी रंगवणार आहे, रस्त्यावरून दिसेल अशी. धाकटा आणि मंडळी. तुझं नाव इतकं मोठं कधी कुणी लिहिलं नसेल. तुमच्या वाद्यवृंदात तर सगळ्यांना सारखेच कोट आणि सारख्याच खुर्च्या, नाही का?

काका तेवढं बोलले. व्हायोलिन पेटीत ठेवत म्हणाले, "बायका हाकेला थांबल्या गं, नावाला नाही." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आता ये. कार्यक्रम शनिवारी आहे, चौदा एप्रिलला. तुला सुट्टी मिळणार नाही असं होणारच नाही. इतक्या वर्षांत एक शनिवार!

ताई

३ एप्रिल

धाकट्या,

साबणवाले आले होते.

तेच, साबण आणि निळीच्या गोण्या पुरवणारे, गावोगाव फिरतात ते. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक असायला हवं होतं. तू त्यांना शपथ घातलीस म्हणे. त्यांनी ती कालपर्यंत पाळली, हेच खूप झालं. माझ्या खोलीत आले, टोपी काढून हातात धरली, म्हणाले, "ताई, कुणाला सांगू नका," आणि मला सांगितलं.

नाटकगृहाच्या दारातली खिडकी, जिथं लोक कोट आणि छत्र्या ठेवायला देतात. त्या खिडकीत तू बसतोस. वाद्यवृंद आत वाजवतो आणि तू बाहेर कोट टांगतोस. पहिल्या हंगामानंतर त्यांनी तुला ठेवलं नाही. म्हणजे मी तुला 'मोठा माणूस' म्हणून टोमणे मारत होते तेव्हा तू तिथं होतास, आणि माझी पत्रं तुला तिथंच मिळत होती. साबणवाले म्हणाले, "खिडकीत बसून वाचतो. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो."

मी विचारलं, "मग येत का नाही?"

त्यांनी टोपी दोनदा फिरवली. "त्यानं मला एकच विचारलं, ताई. फाटकावरची पाटी अजून आहे का? मी म्हटलं, आहे म्हणजे काय! आता तर नव्या सभागृहावर लागतेय, हत्तीएवढ्या अक्षरांत. मला वाटलं खूश होईल. तर माझी छत्री हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, ती आहे तोवर मला त्या गल्लीत शिरता यायचं नाही. लोक आधी पाटी वाचतील आणि मग माझ्याकडे बघतील."

 मग मला तुझा असा काही राग आला की खाऊ का गिळू झालं. मी चुकले असं मी म्हणणार नाही. पाटी मी मायेनं ठेवली. ऊन-पावसात उभी राहून पुसली. तुला यायला जागा राहावी म्हणून सगळ्यांशी भांडले, आणि तू मात्र तिच्यापायीच लांब राहिलास. एक ओळ लिहिता येत नव्हती? 'ताई, माझं नाव उतरव' एवढं? मी उतरवलं असतं. बहुतेक. भांडून, रडून, पण उतरवलं असतं.

आता तू मला खरं सांगितलं नाहीस तरी मला कळलंय, तर मीही एक सांगते. माझी बोटं दुखत नाहीत. तू गेल्यापासून मी माझा अ‍ॅकॉर्डियन उघडलेलाच नाही. तू श्वास घ्यायला थांबायचास त्या जागा मी भरायचे, माझं वाजवणं म्हणजे तेवढंच होतं. तू नाहीस तर भरायचं काय, असं वाटायचं. कपाटावर ठेवलाय. वर चादर घातलीय.

आज तालमीला गेले नाही. वाळवणीच्या खोलीत बसले. चादरी फुगत होत्या. डाव्या भिंतीकडे गेले, तिथं उभी राहिले, तू उभा राहायचास तिथं. तिथून कुणीच दिसत नाही रे. मला वाटायचं फक्त आम्हालाच तू दिसत नाहीस.

ताई

१२ एप्रिल

धाकट्या,

आज मी सभागृहावर गेले. कुणाला सांगून गेले नाही. कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलंय. साबणवाल्यांना साबणाच्या पुढच्या मागणीची आठवण करून दिलीय, त्यामुळे तेही गप्प बसतील.

रंगारी शिडीवर होता. पाटी पूर्ण झाली होती. पांढऱ्यावर निळी, खरंच देखणी. खालून मान वर करून पाहिलं आणि पहिल्यांदा मला ती तुझ्या डोळ्यांनी दिसली. एवढं मोठं नाव आणि त्याच्याखालून कोट टांगणारा माणूस आत जाणार. माझ्या मानेवरच ओझं आल्यासारखं झालं.

मी ओरडले, "दादा, पहिला शब्द पुसा!"

"काय?"

"धाकटा. तो पुसा."

"बाई, ओला आहे तोवर काय ते बोला. वाळला की जन्माचा."

"म्हणूनच धावत आलेय."

त्यानं रॉकेलचं फडकं घेतलं आणि पुसला. मी बघत होते. आधी काना गेला, मग एकेक अक्षर. वाटलं होतं त्याहून सोपं होतं ते, आणि मला रडू आलं. रंगाऱ्यानं मुद्दाम खाली पाहिलं नाही. चांगला माणूस.

तेवढ्यात व्यवस्थापक बाहेर आला. "अहो, परवा कार्यक्रम! त्या जागी काय लिहायचं?"

आता गंमत बघ. महिनाभर आम्ही नावावरून डोकी फोडत होतो. वाफ, झुळूक, स्वर, इस्त्री, सगळी माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि एकही थांबलं नाही. वर पाटीवर पांढरी जागा आणि तिच्यापुढे उरलेले दोन शब्द. मला ते एकदम आमचेच वाटले. आम्ही उरलो होतो तसेच.

"राहू दे तसंच," मी म्हणाले.

"नुसतं 'आणि मंडळी'? असं कुणी नाव ठेवतं का?"

"आम्ही ठेवतो."

रंगारी शिडीवरून म्हणाला, "मला चालतंय. फक्त मधे सरकवून घ्यावं लागेल, नाहीतर एका बाजूला कललेलं दिसेल." आणि त्यानं उरलेलंही पुसून मधोमध पुन्हा लिहिलं. म्हणजे मोकळी जागासुद्धा ठेवली नाही. ते मला आवडलं.

धुलाईखान्यात सगळ्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. "जुन्यासाठी घसा कोरडा केलास आणि आता तूच पुसून आलीस? डोकं फिरलंय हिचं!" बॉयलर. मी म्हणाले, "फिरलंय." दुसरं काय म्हणणार? बाईंनी नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.  काकांना काहीतरी कळलं असावं, कारण 'का पुसलंस' असं त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मग क्लॅरिनेटच्या जागा कोण घेणार?"

"मी," मी म्हणाले.

बॉयलरला काही चैन पडेना. घसरणीकडे गेला आणि गडगडाटी आवाजात ओरडला, "आणि मंडळी!" खाली कामावर आलेली एक नवी मुलगी आहे. तिनं हातातलं टाकलं आणि वर ओरडली, "आले, आले!" तिला वाटलं सगळ्यांनाच बोलावतायत. बॉयलर तिथंच खाली बसून हसला. पास.

फाटकावरची जुनी पाटी मीच उतरवली. तिचं काय केलं ते विचारू नकोस.

ताई

१५ एप्रिल

धाकट्या,

काल वाजवलं.

सगळं सांगत बसत नाही. सभागृहात चादरी नसतात, त्यामुळे सुरुवातीला आम्ही एकमेकांची तोंडं बघून बावरलो. काका वाजवताना इतके विचित्र चेहरे करतात हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. तुझ्या सुरुवातीच्या जागा मी अ‍ॅकॉर्डियनवर घेतल्या. पहिल्या दोन चुकल्या. मग कळलं की श्वास घ्यायला मलाही थांबावं लागतं, आणि थांबले की काका ती जागा भरतात. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यानंतर मला फारसं आठवत नाही. दिवे पिवळे होते, आवाज पाण्यातून आल्यासारखा येत होता, आणि एकदा मला वाटलं डावीकडून क्लॅरिनेट आली. नसेल आली. मी वाजवायची थांबले नाही.

धाकटा कुठाय, असं कुणीही विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येताना पुलावर बराच वेळ उभी राहिले. मग हळूहळू बरं वाटायला लागलं, कारण कुणी विचारत नाही म्हणजे तुला कुणाला काही सांगायलाही नको.

तेव्हा आता ऐक. फाटकावर तुझं नाव नाही, सभागृहावर नाही, कुठंच नाही. मी स्वतः पाहून खात्री केलीय. कोट टांगतोस ते मला माहीत आहे आणि माझ्यापुरतं आहे. क्लॅरिनेट आणलीस तर आण, विकली असलीस तर तसाच ये. वाजवायचं नसेल तर चादरी झटकायला माणूस हवाच आहे. मागच्या फाटकाला कडी नसते. नवा पहारेकरी तुला ओळखणार नाही. कोण म्हणून त्यानं हटकलं, तर सांग, खुणा घालणाऱ्या ताईचा भाऊ. एवढ्यावर तो आत सोडतो, मी त्याला सांगून ठेवलंय.

ताई